गाळलेली ओळ

आर्तेआगा, शुक्रवार, १८ डिसेंबर १९८७

रोसाउरा,

आधी हे सांगतो की मुली ठीक आहेत. अडीच वर्षांत मी आपणहून लिहिलेलं हे पहिलं पत्र, तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स होणार. तसं काही नाही. दोघी तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात पीठ मळतायत आणि मी बाहेर पिकअपमध्ये बसून लिहितोय. थंडी मरणाची आहे. वर डोंगरात काल बर्फ पडलं.

आता सरळ विचारतो. तुझं आणि तुझ्या आईचं काय ठरलंय?

दरवर्षी नाताळाआधी मुली एक रविवार इथे येतात, ओहारास्काची बिस्किटं भाजतात आणि डबा घेऊन संध्याकाळी घरी साल्तियोला परततात. यंदा तुझ्या आईनं, दोन्या कासिल्दांनी, शेजारणीकडून निरोप धाडला, शुक्रवार ते रविवार पाठवा. तीन दिवस! आज पीठ, उद्या सकाळी भट्टी, दुपारी बर्फ बघायला डोंगरावर, रविवारी चर्च, मग बुन्युएलोच्या पातळ पुऱ्या तळायच्या आणि संध्याकाळी दारोदार गात जायची पोसादाची मिरवणूक. एवढा कार्यक्रम बिशप आले तरी नसतो. निरोपाच्या शेवटी होतं, ‘तुम्ही थांबायची गरज नाही.’

गरज नाही म्हटलं की माणूस थांबतोच. मी गाडी बिघडली म्हणून सांगितलं.

“काय झालं तिला?” तुझ्या आईनं विचारलं.

“बॅटरी. दोन-तीन दिवस लागतील.”

“तीन दिवस? बॅटरीला बाळंतपण आलंय की काय, जावईबापू?”

मुली फिदीफिदी हसल्या. हसू देत. मी सोळा वर्षं लोकांच्या दारातले विजेचे मीटर वाचतोय. कोण आकडा टाकून वीज चोरतं, कोण मीटरला चुंबक लावतं, हे मला पायरीवरच्या माणसाच्या तोंडावरून कळतं. इथे पोचल्यापासून मला तसाच वास येतोय.

ग्रिसेल्दाची पिशवी मी बघितली. अकरा वर्षांची पोर आजीकडे जाताना काय घेते? हिनं घेतलाय टॉर्च आणि जाड काळ्या शाईची चार पेनं. कशाला, तर म्हणे “शाळेचं आहे.” शाळेला कालपासून सुट्टी लागलीय.

त्याहून मोठी गोष्ट मीटरची. आर्तेआगा माझ्या भागात येत नाही, पण दारातला मीटर न वाचता मला आत जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये आलो होतो तेव्हाचा आकडा माझ्या लक्षात आहे. चार महिन्यांत नऊ युनिट! फ्रीज तिच्याकडे नाही हे मान्य, पण नुसता रेडिओ आणि दोन दिवे लावले तरी याच्या चौपट होतात. म्हणजे या घरात चार महिने कुणी राहतच नाही. मग ती राहते कुठे? तुझ्याकडे, हुआरेसला? आणि रविवारी पोसादाच्या गर्दीत मुलींना बसमध्ये बसवायचा बेत आहे का?

असेल तर सांगतो, मी दाराशी उभा असेन.

तुझी पत्रं मुलींना वेळच्या वेळी मिळतात. उत्तर का देत नाहीत ते त्यांना विचार. टाकून गेलेल्या आईला लिहावंसं वाटत नसेल तर मी जबरदस्ती करू का?

एलिसेओ


शनिवार, १९ डिसेंबर, दुपार

कालचं पत्र टपालात टाकलं नाही. टपाल कचेरी बंद होती. आज सकाळचं सांगतो, म्हणजे माझा संशय उगाच नाही हे तुला कळेल.

मला अक्रोडासारखे ते पेकान फोडायला बसवलं. अंगणातल्या मातीच्या भट्टीशी ग्रिसेल्दा, मध्ये तुझी आई, ओट्यावर आपली धाकटी, नाती. तुझ्या आईचं दालचिनीच्या डब्यावरचं ते राज्य आठवतं? कुणी झाकणाला हात लावला तर चमचा बोटांवर बसायचा. आज ग्रिसेल्दाच सगळं हातात देत होती, आणि देताना दर वेळी आजीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होती. एवढं काय सांगायचं असतं ओहारास्का करताना? पीठ, चरबी, साखर, दालचिनी. राज्य उलथवायचं कारस्थान असल्यासारख्या कुजबुजत होत्या.

दोन्या कासिल्दा माझ्याशी बोलतात पण माझ्याकडे बघत नाहीत. मी डावीकडे बसलो तर त्या उजवीकडे बघून बोलतात. चाळीस वर्षं शाळामास्तरीण असलेली बाई! पोराच्या डोळ्यांत डोळा घालून खोटं बाहेर काढायची. आज तिलाच नजर भिडवता येत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

मी मुद्दाम म्हटलं, “दोन्या कासिल्दा, स्वयंपाकघरातला दिवा गेलाय. बल्बवर बोटभर धूळ आहे.”

“वीज परवडत नाही हो. तुमच्याच खात्याला विचारा.”

“नऊ युनिटला कितीसे पैसे पडतात?”

लाटणं थांबलं. “तुम्ही माझा मीटर वाचलात?”

“सहज नजर गेली.”

“तुमची नजर कधी सहज जात नाही, जावईबापू,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

मग मी नातीला बाहेर गाठलं. सात वर्षांच्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. मी तिला सगळ्यात मोठा पेकान दिला आणि विचारलं, “ताई आजीला काय सांगते गं?”

“पप्पांना सांगायचं नाही असं ठरलंय.”

“काय सांगायचं नाही?”

“तेच तर सांगायचं नाही!” पेकान तोंडात टाकून पळाली.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ग्रिसेल्दानं त्या काळ्या पेनांनी वीतभर अक्षरांत नावं लिहिली. साखर, मीठ, बडीशेप, सोडा. स्वतःच्याच घरात डब्यांवर नावं कोण घालतं? घर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं असेल तरच. बरोबर आहे ना माझं?

दुपारी डोंगरावर जायचंय. शेजारी आपल्या ट्रकमधून नेणार आहे. माझी ‘बिघडलेली’ गाडी सोडून मीही त्यांच्याबरोबर मागे फळीवर बसणार. ‘तुम्हाला थंडी बाधेल,’ असं सांगून झालं. बाधू दे.

एलिसेओ


रविवार, २० डिसेंबर, सकाळ

रोसाउरा, हे पत्र कसं लिहावं कळत नाही. चर्चची घंटा झाली, त्या तिघी गेल्या, मी गेलो नाही.

काल वर सफरचंदांच्या बागांपाशी ट्रक थांबला. अर्धं साल्तियो आलं होतं. पोरं प्लास्टिकच्या घमेल्यांत बसून घसरत होती, एक बाई मक्याच्या पिठाचं गरम चॉकलेट विकत होती. नाती बर्फात लोळायला धावली. ग्रिसेल्दा मात्र आजीचा दंड धरून चालत होती आणि मी चार पावलं मागे होतो. ती म्हणत होती, “दोन पावलं, आता दगड, आता सपाट.” मला वाटलं, रस्ता पाठ करून घेतायत. उद्या पळायचा.

मग तुझी आई थांबली, तोंड वर केलं आणि म्हणाली, “सांग.”

ग्रिसेल्दा सांगायला लागली. “समोरची झाडं काळी आहेत आणि फांद्यांवर नुसती वरच्या बाजूला पांढरी रेघ आहे. नाती पडली. उठली. एका माणसाची हॅट घरंगळत चाललीय.” तुझी आई हसली. हॅट दुसरीकडे होती, ती भलतीकडेच बघून हसली.

एवढं समोर दिसूनही माझ्या डोक्यात काय आलं असेल? ही खुणेची भाषा असणार!

तेवढ्यात तिच्या शालीतून एक पाकीट बर्फावर पडलं. मी झडप घातली. तुझं अक्षर, हुआरेसचा शिक्का, ऑक्टोबर. सापडलं, म्हटलं. एकदाचं सापडलं.

ग्रिसेल्दानं माझ्या हातातून ते ओढून घेतलं. “ते आजीचं आहे.”

“आत काय आहे तुला ठाऊक आहे?”

“हो. मीच वाचून दाखवलंय.”

“का? आजीला वाचता येत नाही?” मी हसत म्हटलं. शाळामास्तरणीला!

ग्रिसेल्दा हसली नाही. “नाही,” ती म्हणाली. “आता नाही येत.”

मी दोन्या कासिल्दांसमोर जाऊन उभा राहिलो. हातभर अंतरावर. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते. मी हात हलवला. काही नाही.

“हात हलवताय ना?” त्या म्हणाल्या. “वारा लागला. सगळे हेच करतात.”

म्हणून नऊ युनिट. दिवा लावून तिनं काय करायचं? टॉर्च मुलींसाठी. डब्यांवरची अक्षरं नातीसाठी, तिनं आजीच्या हातात साखरेऐवजी मीठ देऊ नये म्हणून. आणि तीन दिवस अशासाठी की हातांना सगळं येतंय तोवर मुलींच्या हातांत ते घालायचं. काचबिंदू आहे. वर्षभर चाललंय. साल्तियोच्या डॉक्टरकडे दोनदा शेजाऱ्याबरोबर गेली, तोवर उशीर झाला होता.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर आंधळीच्या घरी, पेटत्या भट्टीशेजारी पोरींना पाठवलं असतंत?”

नसतं पाठवलं.

“आणि रोसाउराला?”

“ती गेली ती चांगली गेली. माझ्या डोळ्यांसाठी तिला परत तुमच्या उंबऱ्याच्या आत लोटू?”

चॉकलेटवाली ऐकत होती. ऐकेना का.

ट्रकमध्ये परत येताना नाती आजीच्या मांडीवर झोपली. ग्रिसेल्दा माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, “आईनं काय लिहिलंय त्यात?”

ती म्हणाली, “आई आजीला विचारते, मी दर दीड-दोन महिन्यांनी मुलींना लिहिते, ती पत्रं त्यांना मिळतात का?”

शुक्रवारच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. एकही पत्र मी मुलींना दिलेलं नाही. सतरा आहेत. सगळी मी फोडली, सगळी वाचली आणि खात्याच्या जुन्या हत्यारांच्या पेटीत कुलपात ठेवली. मुलींना सांगितलं, आई लिहीत नाही. पहिल्या वेळी वाटलं, रडतील, म्हणून नंतर देऊ. दुसऱ्या वेळी पहिलं का दिलं नाही हे सांगावं लागलं असतं. पुढे पुढे ती पेटी उघडायचीही भीती वाटायला लागली.

ग्रिसेल्दाला हे ऑक्टोबरपासून ठाऊक आहे; डॉक्टरकडे आलेल्या आजीनं तिला शाळेच्या फाटकाशी गाठून ते पत्र वाचून घेतलं होतं. दोन महिने पोर रोज माझ्याबरोबर जेवली. ‘शाळेत काय झालं’ म्हटलं की सांगायची. ‘पोस्टमन आला होता का’ असं अधूनमधून विचारायची, आणि मी मान खाली घालून ‘नाही’ म्हणायचो, आणि ती बघत बसायची. मला वाटत होतं मी पाळत ठेवतोय. खरी पाळत तिनं माझ्यावर ठेवली होती.

मी तिला म्हटलं, “मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही खरं सांगता का ते बघत होते,” ती म्हणाली.

चर्च सुटलं. त्या येतायत.


रविवार, संध्याकाळ

त्या आल्या तेव्हा मी काही न बोलता बाहेर गेलो आणि पिकअपची चावी फिरवली. पहिल्याच फटक्याला सुरू झाली. खिडकीतून तुझ्या आईचा आवाज आला, “सुटली बाई एकदाची!”

साल्तियोला जाऊन पेटी घेऊन आलो. पाऊण तास. परत आलो तेव्हा बुन्युएलोंचा घाणा घातला होता. तुझी आई खुर्चीवर, गुडघ्यावर स्वच्छ कापड टाकून पोळी चारी बाजूंनी ताणत होती. इतकी पातळ की कापडाची फुलं दिसावीत. ती फुलं नाती मोजून सांगत होती, आजी बोटांनी ताणत होती. कढईपाशी ग्रिसेल्दा.

मी सतरा पाकिटं टेबलावर ठेवली. नाती म्हणाली, “ही कुणाची?”

“तुमची. आईनं पाठवलेली. मी दिली नाहीत.”

नातीला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, “सगळी आमची?” आणि एकेक पाकीट हुंगायला लागली. रागवायचं तिच्या लक्षातच आलं नाही. राग तिच्या वाटचाही ग्रिसेल्दाकडे होता. तिनं कढई उतरवली, हात पुसले, खुर्ची माझ्या खुर्चीला लावली आणि म्हणाली, “वाचा. मोठ्यानं. आजीलाही ऐकू देत.”

“तूच वाच ना. तुझीच आहेत.”

“लपवलीत तुम्ही. वाचा तुम्ही.”

मी वाचायला लागलो. ती माझ्या खांद्याला लागून ओळीवर नजर ठेवून होती. तुझी शिलाईची मशीन, मैत्रिणीचं मांजर, धुळीची वादळं, नातीचा दात पडला का, ग्रिसेल्दाला भागाकार जमला का. चौथ्या पत्रात ती ओळ आली. गेल्या वर्षीच्या मार्चमधली. मी श्वास घेतला आणि पुढच्या ओळीवर गेलो.

“एक ओळ गाळलीत,” ग्रिसेल्दा म्हणाली.

“कुठली?”

तिनं बोट ठेवलं. बोटाला तेल होतं, कागदावर डाग पडला. मी वाचलं: ‘तुमचे पप्पा वाईट नाहीत, पण घड्याळ घेऊन दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या घरात मला श्वास घेता येईना.’

तुझ्या आईनं हातातली पोळी कापडावर सोडली.

“पुन्हा वाचा,” दोन्या कासिल्दा म्हणाल्या. “मला नीट ऐकू आलं नाही.”

तुझ्या आईचे कान कसे आहेत तुला माहीत आहे. मी पुन्हा वाचलं.

“कसलं घड्याळ?” नातीनं विचारलं.

सांगितलं मी. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती, पण ग्रिसेल्दा बघत होती. सांगितलं की आई बेकरीत कामाला जायची तेव्हा ती किती वाजता निघाली, किती वाजता आली, हे पप्पा एका वहीत लिहायचे. वीस मिनिटं उशीर झाला तर विचारायचे, कुठे होतीस. तीन वर्षं लिहिलं. कुणी माणूस नव्हता, काही नव्हतं. चपला दुरुस्त करायला थांबायची, नाहीतर इथे आईकडे फोन लावायला दुकानात थांबायची. मग एक दिवस तिच्या हाती ती वही लागली आणि ती गेली. तुम्हाला टाकून नाही गेली. दोनदा न्यायला आली होती, मी तुम्हाला मावशीकडे पाठवून दिलं होतं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही.

नाती म्हणाली, “मी उशीर केला की पण लिहिता?”

“नाही.”

“लिहायचं नाही,” ती म्हणाली. सात वर्षांची.

सतरा पत्रं वाचायला दोन तास लागले. मध्येच तळण पुन्हा सुरू झालं, कारण पीठ वाळत होतं आणि तुझ्या आईचं म्हणणं, रडायचं असेल तर बाहेर, पिठात मीठ आधीच घातलंय. गुळाच्या पाकाचे हात घेऊन आम्ही पोसादाला गेलो. दोन्या कासिल्दांनी एका बाजूला ग्रिसेल्दाला धरलं, दुसऱ्या बाजूला, रस्ता ओबडधोबड असल्यामुळे, माझा दंड धरला. सबंध वाटेत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. वाटेत प्रत्येक घराला त्यांनीच नावानं ओळखलं, धुराच्या वासावरून.

परत आल्यावर मी पत्रं गोळा करून पेटीत ठेवायला लागलो. हाताची सवय. ग्रिसेल्दानं ती माझ्याकडून घेतली, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि म्हणाली, “आता माझ्याकडे राहतील.” मी बरं म्हटलं.

तिनं मला माफ केलेलं नाही. तसं तुला भासवणार नाही.


सोमवार, २१ डिसेंबर

रोसाउरा,

शुक्रवारचं पत्र फाडून टाकणार होतो. ग्रिसेल्दा म्हणाली, तेही पाठवा. म्हणून चारही पाठवतोय. पहिलं वाचून शिव्या घाल, हक्क आहे तुझा. सोबत मुलींची दोन पत्रं आहेत. मी ती उघडून पाहिलेली नाहीत, ग्रिसेल्दानं पाकिटं माझ्यासमोर चिकटवली.

हे पोचायला चार दिवस लागतील, म्हणून आज सकाळी तुझ्या मैत्रिणीच्या दुकानातही फोन करून निरोप ठेवलाय. तुझ्या आईनं मनाई केली होती. मी तरी केला. त्यांनी मला आजवर न दिलेल्या शिव्या आज दिल्या, आणि मग विचारलं, “फोन लागला का?”

तुला घरी बोलवत नाही. तो विषयच नाही. तू तुझ्या आईकडे उतर. मुली नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत तिथेच असतील. मी साल्तियोला असेन, येणार नाही, कुणाला काही विचारणार नाही. पुढे मुलींनी कुठे राहायचं ते तू, तुझी आई आणि त्या दोघी मिळून ठरवा. काय ठरलं ते ग्रिसेल्दानं मला सांगावं. जे ठरेल ते मी मान्य करेन. हे लिहून देतोय, हवं तर कुणाला दाखव.

पण लवकर ये. आज सकाळी मी तुझ्या आईला डॉक्टरकडे नेलं. वाटभर भांडल्या, पण आल्या. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्यातही समोरचं काही उरलेलं नाही, फक्त अगदी बाहेरच्या कडेला बोटभर फट शाबूत आहे. ती किती दिवस राहील हे डॉक्टर सांगत नाहीत. येताना मी पिकअपमध्ये त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. एकाएकी त्या म्हणाल्या, “तुमचे केस पिकले की हो, एलिसेओ.” नावानं हाक मारली.

तेव्हा आलीस की दारातून पळत जाऊन तिच्या समोर उभी राहू नकोस. तिला दिसणार नाहीस. तिच्या डाव्या बाजूला बस, खांद्याच्या थोडी मागे, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी. आणि जरा वेळ हलू नकोस.

एलिसेओ